राधानगरीच्या रानात लोंबतं घरटं दिसलं, पक्षी कुठला असेल?

भोगावतीकाठ | २८ डिसेंबर

नमस्कार मंडळी. परवा मामाच्या गावी गेलो होतो, राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या अलीकडं. मामाच्या काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला रान सुरू होतं आणि तिथनं एक ओढा उतरतो, डिसेंबरातसुद्धा पाणी असतं त्याला. ओढ्याच्या कडेनं चाललो होतो तर अंजनीच्या एका वाकलेल्या फांदीच्या पार टोकाला काहीतरी लोंबताना दिसलं. पहिल्यांदा वाटलं पावसाळ्यातला कचरा अडकून राहिलाय, कारण ओढा तिथपर्यंत चढतो म्हणे. जरा पुढं होऊन बघतोय तर घरटं!

लांबी वीतभर, मधी फुगीर, वर निमुळतं होत गेलेलं, खाली शेपटीसारखे दोन-तीन धागे लोंबत होते. बाहेरनं सगळं हिरवं शेवाळ, मधनंमधनं सालीचे तुकडे, आणि या सगळ्यावर पांढरं जाळं गुंडाळलेलं, कोळ्याचं असतं तसं. एका बाजूला वरच्या अंगाला भोक, साधारण पाच रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं, आणि त्या भोकावर घराला वळचण असते तसं पुढं आलेलं. ते बघून मी थक्कच झालो. जमिनीपासनं माझ्या छातीएवढ्या उंचीवर आहे.

दोन मिनिटं उभा असेन तेवढ्यात आतनं काहीतरी भुर्रकन गेलं, चिमणीच्या निम्मं पण नसेल. रंग धड दिसला नाही, हिरवट-पिवळट वाटला. मोबाईलवर फोटो काढलाय, लांबनं झूम करून काढल्यामुळं फाटलाय, पण घरट्याचा आकार कळतोय. कोण सांगू शकेल का हा पक्षी कुठला? मला रात्रभर तेच डोळ्यासमोर येतंय.

तांबडापांढरा | २८ डिसेंबर

भावा सुगरण. लोंबतं घरटं म्हटलं की सुगरणच. आमच्या शिरोळच्या शेतात विहिरीवर बाभळ आहे तिला दरवर्षी वीस-पंचवीस लोंबत असतात, लई भारी दिसतं.

भोगावतीकाठ | २८ डिसेंबर

मला पण आधी तेच वाटलं, पण गवत अजिबात दिसत नाही ओ. आणि एकच आहे, आजूबाजूला दुसरं एकही नाही.

आजऱ्याचे मास्तर | २९ डिसेंबर

सुगरण नाही हे फोटोवरनंच सांगता येतं, कारण सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

सुगरणीचं घरटं विणलेलं असतं. गवताच्या, उसाच्या, शिंदीच्या पानाच्या लांब पट्ट्या काढून नर चोचीनं गाठी मारत मारत ते विणतो, त्यामुळं जवळनं बघितलं तर टोपलीसारखी वीण दिसते आणि आत जायची नळी खाली लोंबते. तुझ्या फोटोतलं घरटं विणलेलं नाहीच, ते जाळ्यानं चिकटवलेलं आहे. शेवाळ, साल, काड्या असा सुटा सुटा माल गोळा करून कोळ्याच्या जाळ्यानं बांधलाय. हा फरक एकदा डोळ्यात बसला की निम्मं काम झालं.

दुसरं म्हणजे हंगाम. सुगरण पावसाच्या जोरावर घरटी करते, कारण ओलं गवत तेव्हाच मिळतं आणि पिल्लांना किडेही तेव्हाच. डिसेंबरात दिसतात ती जुनी, वाळून पिवळी पडलेली. तिसरं, सुगरणी वस्ती करून राहतात, विहिरीवर, ओढ्यावर, उघड्या माळावरच्या झाडाला. दाट रानात आत एकटं घरटं हा त्यांचा रिवाज नव्हे.

(जाता जाता एक गोष्ट. आपण सुगरण म्हणतो, बाईमाणसाचं नाव दिलंय, पण बांधणारा नर असतो. अर्धं घरटं, शिरस्त्राणासारखं, बांधून झालं की तो पंख फडफडवत लटकतो आणि मादी येऊन तपासून जाते, पसंत पडलं तरच पुढचं बांधकाम. एका मादीचं जमलं की नर दुसरं घरटं बांधायला घेतो. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बसून हे सगळं दिवसच्या दिवस बघितलं आणि लिहून ठेवलं.)

गावाचं नाव टाकलं नाहीस ते फार चांगलं केलंस. टाकू पण नकोस.

कारवी | २९ डिसेंबर

शिंपी असेल का? तो पण जाळं वापरतो.

आजऱ्याचे मास्तर | २९ डिसेंबर

शिंपी पानं शिवतो ताई. एक मोठं पान गुंडाळून नाहीतर दोन-तीन पानं एकत्र घेऊन कडेला भोकं पाडतो, त्यातनं कापसाचा नाहीतर जाळ्याचा धागा ओवतो आणि त्या पानाच्या द्रोणात घरटं. बाहेरनं बघितलं तर जिवंत पान दिसतं. इथं पान कुठंच नाही.

सह्याद्री ते सियांग | २९ डिसेंबर

मी दोन वर्षांपूर्वी अरुणाचलला गेलो होतो तिथं ब्रॉडबिलचं असंच घरटं बघितलं होतं, ओढ्यावरच लोंबत होतं, शेवाळ पण होतं बाहेरनं. शेपटीसारखे धागे पण डिट्टो. लाँग-टेल्ड ब्रॉडबिल. इथं दिसला तर मोठी बातमी होईल.

पन्हाळ्याचं धुकं | २९ डिसेंबर

तो हिमालयाच्या पायथ्याला आणि ईशान्येकडं असतो, आपल्या सह्याद्रीत नाही. आणि तो चांगला साळुंकीएवढा पक्षी आहे, शेपूट धरून जास्तच. हा म्हणतोय चिमणीच्या निम्मा. घरटं एकसारखं दिसलं तरी पक्ष्याचं माप आणि प्रदेश आधी बघायचा, नाहीतर माणूस भलतीकडंच जातो.

माझ्या मते दोनच घराणी उरतात, फुलटोचा आणि शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. दोघं एवढेसेच आणि दोघांचं घरटं लोंबतं. मला फुलटोचा वाटतोय. त्या भागात आंब्या-फणसावर बांडगूळ भरपूर आहे, आणि बांडगूळ तिथं फुलटोचा हे ठरलेलं, फळ खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो म्हणूनच तर बांडगूळ पसरतं.

आजऱ्याचे मास्तर | २९ डिसेंबर

घराणी बरोबर. पण फुलटोच्याचं घरटं हातात घेतलेलं आहे मी (रिकामं, वादळात फांदी मोडून खाली पडलेलं, आमच्या शाळेच्या आवारात). ते नमद्यासारखं लागतं, मऊ, एकसंध, लहान बाळाचा लोकरीचा मोजा असतो ना तसं. झाडांची लव आणि जाळं इतकं घट्ट दाबून बसवलेलं असतं की वेगळा तुकडा दिसत नाही. रंग तांबूस नाहीतर मळकट पांढरा. आणि भोकावर वळचण नसते. शिवाय त्यांचा हंगाम बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला.

इथं तुकडे दिसतायत, कचरा लोंबतोय, वळचण आहे. मी शिंजीर म्हणतो. पण कुठला शिंजीर हे घरट्यावर सांगणार नाही, त्याला पक्षीच बघायला पाहिजे.

राजारामपुरीची सकाळ | ३० डिसेंबर

शिंजीर असेल तर माझा अनुभव लिहिते. गेल्या वर्षी आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजीरनं घरटं केलं होतं. आधी नुसता जाळ्याचा एक धागा लोंबत होता, मी झाडूनं काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या थांब, ती चिमणी सारखी येतीया तिथं. मग आम्ही आतनं खिडकीला पडदा लावून फटीतनं बघत बसलो. मादी छताच्या कोपऱ्यातलं जाळं चोचीत गुंडाळून घ्यायची, दोऱ्याचं रीळ कसं गुंडाळतात तसं, आणि तारेला आणून फिरवायची. मग वाळकं पान, अळीची काळी विष्ठा, कागदाचा कपटा, माझ्या मुलाच्या स्वेटरचा हिरवा धागा, सगळं त्यावर चिकटवलं. बाहेरनं कोण म्हणेल जळमटाला कचरा अडकलाय. आतनं मात्र गादी. आत बसून ती अंगानं दाबून दाबून गोल करायची, बाहेरनं पिशवी हललेली दिसायची. नर नुसता बरोबर ये-जा करायचा आणि ओरडायचा, पिल्लं झाल्यावर मात्र दोघं भरवत होते.

सासूबाईंनी दीड महिना घरातली जळमटं काढू दिली नाहीत, दिवाळीची साफसफाई पण पुढं ढकलली. आणि एक गोष्ट मला फार आवडली, पिल्लं मोठी होत गेली तशी ती पिशवी पण फुगत गेली, जाळं ताणतं ना. शेवटच्या दिवसांत दोन चोची एकदम भोकाबाहेर यायच्या.

कारवी | ३० डिसेंबर

किती सुंदर लिहिलंय ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा.

हिरवा चाफा | ३० डिसेंबर

ओळख पटवायच्या नादात एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. भोगावतीकाठ, तू परत जाणार असशील तर कृपा करून जवळ जाऊ नकोस.

तीन वर्षांपूर्वी मला जिल्ह्यातल्याच एका रानात स्वर्गीय नर्तकाचं घरटं सापडलं होतं. मी आनंदाच्या भरात ठिकाण सांगून बसलो. आठ दिवसांनी गेलो तर घरट्यासमोरच्या पाच-सहा फांद्या कोयत्यानं तोडलेल्या, फोटोला आडव्या येत होत्या म्हणून. घरटं उघडं पडलं होतं, आत काही नव्हतं. खाली अंड्याचं कवच पडलेलं, गुलाबीसर, तांबडे ठिपके. टकाचोर नाहीतर भारद्वाज घेऊन गेला असणार, पण त्यांना दार उघडून दिलं ते माणसानं आणि वाट दाखवली ती मी. अजून ती जागा आली की मला खाली मान घालून जावं लागतं.

पक्षी पानाआड घरटं करतो ते पान म्हणजे त्याची भिंत. घरट्याला, अंड्यांना हात लावणं किंवा त्रास देणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच धरलंय, हे पण कित्येकांना माहीत नसतं.

भोगावतीकाठ | ३० डिसेंबर

वाचून वाईट वाटलं. मी दोन मिनिटं तिथं उभा होतो ते पण चुकलंच म्हणायचं, ती माझ्यामुळंच उडाली. आता काय करू सांगा, जाऊ का नको?

आजऱ्याचे मास्तर | ३० डिसेंबर

जा, पण असं जा. मामाकडनं दुर्बीण मिळते का बघ, नसेल तर कुणाची तरी माग. घरट्यापासनं पन्नास-साठ फूट तरी लांब, झाडाच्या बुंध्याला टेकून बस, भडक कपडे नकोत. ओढ्याच्या पल्याडनं दिसत असेल तर उत्तम, म्हणजे तुझी पायवाट घरट्यापर्यंत उमटणार नाही. अर्धा तास बसायचं आणि उठायचं. मादी चोचीत काहीतरी घेऊन आली आणि आत न जाता शेजारीच ओरडत राहिली तर समजायचं आपण जवळ आहोत, लगेच मागं व्हायचं.

सकाळीच जा. संध्याकाळी ओढ्यावर गवे उतरतात, हा सगळा पट्टा गव्यांचाच. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली झालं तेच मुळी गव्यासाठी. मामाला बरोबर घे.

आणि बघायचं काय तर तीन गोष्टी. चोच, मादीचा गळा, आणि उडताना तिची कंबर. कंबर म्हणजे पाठीचा खालचा भाग, शेपटीच्या वर. हे तिसरं विसरू नकोस.

तांबडापांढरा | ३१ डिसेंबर

मास्तर, मी सुगरण म्हणालो होतो पण आता मलाच उत्सुकता लागलीय. भोगावतीकाठ भावा, माझ्याकडं दुर्बीण आहे, शनिवारी कोल्हापुरात येणाराय, रंकाळ्यावर ये आणि घेऊन जा.

भोगावतीकाठ | ४ जानेवारी

आज पहाटे जाऊन आलो, मामा बरोबर होता. तांबडापांढरा, दुर्बिणीबद्दल मनापासून धन्यवाद भावा.

ओढ्याच्या पल्याड एका जांभळाच्या बुंध्याला बसलो. धुकं होतं, पहिली दहा मिनिटं काहीच नाही, घरटं पण नीट दिसेना. मग ऊन जरा खाली उतरलं आणि दुर्बिणीतनं बघतोय तर भोकातनं चोच बाहेर आलेली! ती आतच बसली होती. काळी, बारीक, लांब, खाली वाकलेली चोच, वळचणीखाली एवढंसं डोकं आणि काळा मणी ठेवल्यागत डोळा. हलत पण नव्हती. मामा तीस वर्षं त्या वाटेनं जातोय, त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ खाली काढलीच नाही.

गळा फिक्कट होता, पांढरट-राखाडी, त्याखाली फिकट पिवळं. पुढं मात्र ती उठली नाही, त्यामुळं कंबर दिसली नाही. अर्धा तास झाला म्हणून आम्ही उठलो.

पन्हाळ्याचं धुकं | ४ जानेवारी

चोच वाकडी लांब म्हटल्यावर विषय संपला, शिंजीरच. फुलटोच्याची आखूड असते. मी माझं म्हणणं मागं घेतो.

गळा फिक्कट म्हणतोस म्हणजे जांभळा शिंजीर पण बाद, त्याची मादी गळ्यापासनं खालपर्यंत पिवळी असते. लाल गळ्याचा मोठा शिंजीर, व्हिगर्स सनबर्ड, तो पण सह्याद्रीतलाच, पण त्याची मादी सगळी मळकट हिरवट-राखी, पिवळं पोट नाही. राहिला जांभळ्या कंबरेचा, पर्पल-रम्प्ड, जो गावात बागेत सगळीकडं दिसतो. राजारामपुरीच्या ताईंच्या तारेवर होता तो बहुतेक हाच. त्याच्या मादीचा गळा असाच पांढरट.

आजऱ्याचे मास्तर | ४ जानेवारी

अजून एक राहिला म्हणून तर मी कंबर बघ म्हणालो होतो. क्रिम्सन-बॅक्ड सनबर्ड. शास्त्रीय नाव लेप्टोकोमा मिनिमा, मिनिमा म्हणजे सगळ्यात लहान, शिंजीरांतसुद्धा छोटा. हा जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. मादी पुढनं बघितली तर जांभळ्या कंबरेच्या मादीसारखीच वाटते, पण हिच्या हिरवट पाठीवर कंबरेला लालभडक पट्टा असतो. बसलेली असताना पंखाखाली झाकला जातो, उडताना नाहीतर पंख सैल सोडल्यावर दिसतो.

घरटं मला पहिल्या दिवसापासनं त्याचंच वाटतंय, कारण बाहेर एवढं ओलं हिरवं शेवाळ. गावातला शिंजीर मिळेल तो कचरा लावतो, रानातला रानातलं लावतो, ओढ्याच्या काठी शेवाळच मिळणार. पण हा अंदाज झाला. जांभळ्या कंबरेचा पण रानाच्या कडेला येतोच. नर दिसला तर छातीवरचा तपकिरी-लाल पट्टा बघ, जांभळ्या कंबरेच्या नराला तो बारीक गळपट्ट्याएवढा असतो, याला चांगला रुंद.

कारवी | ५ जानेवारी

म्हणजे आता सगळं त्या एका लाल पट्ट्यावर आलं! भोगावतीकाठ, परत कधी जाणार?

भोगावतीकाठ | १२ जानेवारी

मंडळी लाल आहे!! लाल!!

सविस्तर लिहितो. आज सातला बसलो. मादी आत नव्हती. पाच मिनिटांत आली, चोचीत छोटा कोळी, पाय लोंबत होते त्याचे. आधी अर्धा फूट वरच्या वेलीवर बसली, इकडंतिकडं बघितलं, मग घरट्याच्या भोकाला खालनं पकडून डोकं आत घातलं. म्हणजे पिल्लं झालीयत. डोकं आत, पाठ आमच्याकडं, आणि तोल सांभाळायला पंख अर्धे उघडले तेव्हा कंबरेवर तो रंग दिसला. कुंकू सांडल्यासारखा. मामानं माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून दुखतोय. दोन सेकंद असेल, पण अगदी स्वच्छ दिसलं, त्यानंतर अजून तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा दिसलं.

नर पण दिसला. कारवीच्या शेंड्यावर उन्हात बसला होता, पाठ गडद लाल, डोक्यावर हिरवी चमक, गळा जांभळा, आणि छातीवरचा पट्टा रुंद, मास्तर म्हणाले तसाच. तो पण एकदा भरवून गेला. दोघं मिळून अर्ध्या तासात पाच फेऱ्या, मामा बोटं मोजत होता. सगळ्या वेळी किडा नाहीतर कोळी, मला वाटायचं हे नुसते मध पितात.

आजऱ्याचे मास्तर | १२ जानेवारी

शाब्बास पोरा. मध मोठ्यांना चालतो, पिल्लाचं अंग वाढायला किडाच पाहिजे. आणि गंमत बघ, कोळ्याचं जाळं घराला आणि कोळी पिल्लाला.

हिरवा चाफा | १२ जानेवारी

खूप आनंद झाला. आता पिल्लं आहेत म्हणजे अजूनच लांबनं, आणि शक्यतो आठ दिवस जाऊच नकोस.

राजारामपुरीची सकाळ | १३ जानेवारी

सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या विचारतायत मामाच्या काजूला औषध फवारणार आहेत का. फवारलं तर कोळी मरतील म्हणतायत.

भोगावतीकाठ | १३ जानेवारी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काजूला मोहर लागायला लागलाय, फवारणीची वेळ हीच. मामाला फोन केला. ओढ्याच्या बाजूच्या तीन ओळी यंदा सोडतो म्हणाला. सासूबाईंना सांगा.

भोगावतीकाठ | २६ जानेवारी

आज सुट्टी होती, जाऊन आलो. घरटं रिकामं आहे. आधी पोटात गोळा आला, पण फाटलेलं नव्हतं, भोक खालनं जरा ओघळून मोठं झालंय आणि वळचण वर उचललीय, बाकी जिथल्या तिथं. मामा म्हणाला बस जरा. बसलो. वीसेक मिनिटांनी कारवीच्या गचपणातनं बारीक चीप चीप ऐकू यायला लागलं आणि मादी चोचीत काहीतरी घेऊन तिकडं घुसली. दुर्बिणीतनं बघितलं तर एका काडीवर दोन पिल्लं एकमेकांना चिकटून, शेपटी नसल्यातच जमा, चोच अजून आखूड आणि कडा पिवळ्या. एकाला भरवलं की दुसरं पंख थरथरवायचं. मागनं नर आला आणि त्यानं दुसऱ्याला दिलं.

मामानं घरट्याला हात लावू दिला नाही. म्हणाला पावसाळ्यापर्यंत राहू दे, पुढच्या वर्षी कुठल्या फांदीला बांधायचं ते तिचं ती बघेल.